बदलीची बाई

पहाटेचे पाच. उणे तेवीस.
गाडीच्या काचेवरचं बर्फ मी
मुदत संपलेल्या लायब्ररी कार्डानं खरवडते.
आज चोवीस डिसेंबर,
आणि टेकाडामागच्या शेतावर बत्तीस गायी आहेत.
त्यांना नाताळ कळत नाही,
भरलेली कास कळते.

माझं काम साधं आहे. नगरपालिका पाठवेल तिथे जायचं,
दुसऱ्याच्या गायींच्या धारा काढायच्या,
आणि दुसऱ्याला झोपू द्यायचं.
कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव एका ओळीत मावत नाही.
मुलं म्हणतात, बदलीची बाई.

दुधाच्या टाकीवर आउलिसची चिठ्ठी.
तीन पानं, दोन्ही बाजूंनी:
हेलुना डाव्या पायानं लाथ मारते.
ओमेनाला आधी नावानं हाक मार, मग मशीन लाव.
सतरा नंबरची आज-उद्या व्यायची आहे,
काही झालं तर उठव.
काही झालं नाही तरी उठवलंस तर चालेल.
शेवटची ओळ खोडली आहे,
पण वाचता येते.

सव्वासहाला दार करकरलं.
पायजम्यावर ओव्हरकोट, पायांत बायकोचे बूट.
"झोप येईना."
"अकरा वर्षांनी सुट्टी मिळालीय, आउलिस. जा."
"जातो," म्हणाला,
आणि बादली उलटी करून बसला.

मी वाद घातला नाही.
विश्रांती द्यायची म्हणजे माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं,
एवढं आम्हाला शिकवलेलं असतं.
मग त्या हातांचं काय करायचं, ते नाही.
ते पडले होते त्याच्या गुडघ्यांवर, उताणे,
बसमध्ये कुणीतरी विसरलेल्या मोज्यांसारखे.

सतरा नंबरची रवंथ करत खाली बसली.
तो बादलीवरून घसरला, पेंढ्यात टेकला,
तिच्या पोटाला पाठ लावली
आणि दोन मिनिटांत घोरू लागला.
मी मशीन हळू चालवलं.
म्हणजे, मशीनचा वेग तोच असतो.
मीच हळू चालले.

साडेआठला हेल्का आली, बाहेर अजून अंधारच.
तिच्याकडे मोठी यादी होती: डुकराची तंगडी भट्टीत, सौना तापवायची,
पाखरांसाठी ओटची पेंढी खांबाला बांधायची,
दुपारी सासूबाई.
नवऱ्याकडे बघून म्हणाली,
"घरात इतकं शांत होतं की मला भीती वाटली."
मग यादी घडी घालून खिशात टाकली,
आणि तीही बसली. थोडाच वेळ, असं म्हणत.

पोरांनी वाट पाहिली, कंटाळली,
आणि भाताच्या खिरीचं पातेलंच
टॉवेलात गुंडाळून गोठ्यात घेऊन आली.
लेम्पीच्या हातात पाच चमचे. ओत्सोची टोपी उलटी.
तेव्हा आउलिस उठला, पेंढा झटकला,
कुणीच काही बोललं नाही,
पातेल्याभोवती नुसती वाफ.
खिरीत एक बदाम असतो.
ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं जातं.

मला संध्याकाळी दोन मेणबत्त्या लावायच्या होत्या कबरस्तानात,
आईची एक, राउनोची एक.
घाई नव्हती.
तिथली माणसं वाट बघण्यात पटाईत असतात.

तिसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी टणक आलं.
मी सावकाश चावलं. गिळलं.
बोलले नाही.
सांगितलं असतं तर चमचे थांबले असते,
सगळे उठून कामाला लागले असते.
आता ती चौघं पातेल्याचा तळ शोधत बसली,
पुन्हा वाढून घेतलं,
एकमेकांवर लबाडीचे आरोप केले,
ओत्सो हसता हसता नाकातून खीर काढून बसला.
साडेनऊला खिडकी करडी झाली,
तरी शोध चालूच.

सतरा नंबरची त्या दिवशी व्याली नाही.
सत्तावीसला व्याली. कालवड.
हेल्कानं फोनवर नाव सांगितलं: मान्तेली.
म्हणजे बदाम.

मी फोन ठेवला
आणि बराच वेळ विचार करत राहिले,
त्या चौघांपैकी कुणाला कळलं होतं.